‘मागेल त्याला काम’ : वि. स. पागे यांची मागणी आणि एका वाक्याचा इतिहास

महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांस एक पत्र लिहिले. ग्रामीण भागातील ज्या माणसाला अंगमेहनतीचे काम हवे आहे त्याला ते मिळण्याची हमी शासनाने द्यावी, अशी त्या पत्रातील मागणी होती. तिचा प्रयोग त्याच वर्षी सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर या गावी सुरू झाला. (श्रीगोंदा तालुक्यातील, ब्रिटिश अमदानीतील तलावामुळे परिचित असलेले विसापूर निराळे. विद्यार्थ्यांच्या टिपणांत या दोन गावांची गल्लत वारंवार आढळते म्हणून हा खुलासा.) या पत्रापासून १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमापर्यंतची हकीकत अर्थशास्त्राच्या व राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिली आहे. त्या लिखाणात योजनेचा खर्च, मनुष्यदिवस, मजुरीचे दर, कामांची उत्पादकता यांची चर्चा आहे, आणि ती आवश्यकच आहे. परंतु पागे यांनी शासनाकडे जे मागितले त्याचे स्वरूप मुख्यतः भाषिक होते, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. कामे सरकार पूर्वीही काढीत असे. काम कोणाच्या शब्दावरून निघावयाचे, हा पागे यांचा प्रश्न होता. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा कायद्याच्या व व्यवहाराच्या भाषेच्या आधारे घेण्याचा विचार आहे.

पागे यांचा जन्म १९१० चा व मृत्यू १९९० मधला. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले, गांधीविचारांचे असे हे गृहस्थ १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेच्या सभापतिपदी होते. मुंबईच्या विधानमंडळातील संसदीय प्रशिक्षण केंद्रास आज त्यांचे नाव आहे, ते या दीर्घ कारकीर्दीमुळे. आता सभापतीच्या आसनाची एक गंमत अशी की, त्यावर बसणाऱ्याने सर्वांना बोलू द्यावयाचे असते आणि स्वतः वादात पडावयाचे नसते. साध्या सदस्याला प्रश्न विचारता येतो, ठराव मांडता येतो, सभात्यागही करता येतो. सभापतीला यांपैकी काहीच करता येत नाही. आपल्या तालुक्याचे गाऱ्हाणे सभागृहात मांडण्याची वाट पागे यांना अशा रीतीने बंद होती. राहता राहिली दोन साधने : मुख्यमंत्र्यास पत्र आणि प्रत्यक्ष गावात करून दाखविलेला प्रयोग. या दोहोंचाही त्यांनी उपयोग केला. त्यांच्या मागणीला एरवीच्या राजकीय मागणीपेक्षा जो निराळा घाट आला, त्याचे एक कारण हेही असावे असे मला वाटते. भाषणातील मागणीला टाळ्या मिळाल्या की तिचे काम संपले. पत्रातील मागणीला उत्तर द्यावे लागते.

त्या काळातील ग्रामीण पुढाऱ्यांच्या मागण्यांशी हे ताडून पाहिले म्हणजे पागे यांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. पुढाऱ्यांची एक नवी पिढी या संस्थांमधून तयार झाली व ती मुंबईकडे हक्काने मागू लागली. काय मागू लागली? धरण, कालवा, वीज, सहकारी बँक आणि सर्वांत आग्रहाने साखर कारखाना. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेला कित्ता समोर होता. खुद्द सांगलीस वसंतदादा पाटील यांनी सहकारी कारखाना उभा करून दाखविला होता. ग्रामीण भागात उद्योग यावा, गावातल्या पोराला गावाजवळ नोकरी मिळावी, ही मागणी रास्त होती आणि तिने पश्चिम महाराष्ट्राचे रूप पालटले यात शंका नाही. तथापि कारखान्याचा सभासद होण्यास भाग घ्यावा लागतो, भाग घेण्यास ऊस लागतो, ऊस लावण्यास जमीन व पाणी लागते. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही त्याच्या वाट्याला या सर्व उद्योगांत ऊसतोड येते. तासगाव, खानापूर, आटपाडी, जत या सांगलीच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण टापूत असे लोक थोडे नव्हते. पागे यांनी जे मागितले ते त्यांच्याकरिता.

शासनाने दुष्काळात काम काढावे, ही कल्पना मुळीच नवी नव्हती. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली आपला अहवाल दिला व त्यावरून निरनिराळ्या प्रांतांच्या दुष्काळ-संहिता तयार झाल्या. या संहितांची वैचारिक बैठक एका शब्दात सांगावयाची तर ‘कसोटी’ हा तो शब्द. काम मागण्यास आलेला माणूस खरोखरच उपाशी आहे काय, हे सरकारला पारखून घ्यावयाचे होते. त्यासाठी काम कष्टाचे ठेवावयाचे, मजुरी जेमतेम जगण्यापुरती द्यावयाची आणि कामाची जागा घरापासून लांब राखावयाची, म्हणजे खोटा गरजू आपोआप गळतो, असा हिशेब. प्रारंभी ‘कसोटीची कामे’ काढावयाची आणि त्यांवर गर्दी किती लोटते ते पाहून दुष्काळ आहे की नाही ते ठरवावयाचे, अशीही पद्धत होती. अर्थात मजूर हा येथे बोलणारा नव्हता, लक्षण होता. ताप किती चढला हे पाऱ्यावरून कळावे, तसे दुष्काळ किती पडला हे खडीच्या ढिगावरील डोक्यांवरून कळावयाचे.

मजुरांनी बोलण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य व किरकोळ रोख रक्कम इतकी केली, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजूर मोठ्या संख्येने कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे लेखी मांडली. पण त्या लेखी निवेदनाची भाषाही दयेची होती, आणि त्या काळी दुसरी कोणती असू शकत होती? हक्काची भाषा बोलण्यास आधी हक्क देणारा कायदा लागतो.

स्वातंत्र्यानंतर संहिता जवळपास तशाच चालू राहिल्या; बदलला तो शब्द. १९६३ साली महाराष्ट्र विधानमंडळाने एक विलक्षण अधिनियम संमत केला. राज्यास लागू असलेल्या कायद्यांमधून ‘दुष्काळ’ ही संज्ञा काढून टाकण्याचा तो अधिनियम होता. शेतीच्या परिस्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते व वेळीच उपाय योजले जातात, सबब दुष्काळ उद्भवण्यास आता वावच उरलेला नाही, अशी त्यामागील विचारसरणी. म्हणून ‘दुष्काळ’ याच्या जागी ‘टंचाई’ वाचावयाचे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला शब्द आणि वस्तू यांचा संबंध यादृच्छिक असतो असे पहिल्याच पाठात शिकविले जाते. शब्द खोडला म्हणजे वस्तू नाहीशी होते, असे मात्र आमच्या शास्त्रात कोणी म्हटलेले नाही. लोकांनी हा अधिनियम मानला नाही. बाया ‘दुष्काळी कामावर’च जात राहिल्या, ‘टंचाईच्या कामावर’ गेल्याचे गावात कोणी सांगत नाही. प्रशासनाला पुढे पुढे ‘दुष्काळसदृश’ असा एक अवघड सामासिक शब्द वापरावा लागला, तो या खोडाखोडीचाच परिणाम होय. पागे यांचे पत्र या अधिनियमानंतर दोन वर्षांनी लिहिले गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. शब्द बदलून जे साधत नव्हते ते वाक्य बदलून साधावयाचे होते.

ते वाक्य कोणते? योजनेचे घोषवाक्य म्हणून ‘मागेल त्याला काम’ ही शब्दरचना रूढ झाली, आणि तीत पागे यांच्या मागणीचे सार उतरलेले आहे. संहितेच्या काळातील वाक्य असे होते : ‘सरकारने दुष्काळपीडितांना काम दिले.’ यात कर्ता सरकार, क्रिया देण्याची, आणि मजूर चतुर्थीत, म्हणजे घेणारा. कचेरीच्या मराठीत या वाक्याचे आणखी एक रूप प्रचलित आहे : ‘कामे सुरू करण्यात आली.’ येथे कर्ता लुप्त झाला, आणि त्याबरोबर मजूरही लुप्त झाला. कामे जणू स्वयंभू झाली. ‘-ण्यात येणे’ या प्रयोगाचा आमच्या प्रशासकीय गद्याला लागलेला लळा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच म्हणतो की, ज्या वाक्यात कर्ता नसतो त्या वाक्याला जाब विचारता येत नाही.

‘मागेल त्याला काम’ या रचनेतही देणारा दिसत नाही. परंतु येथील लोप निराळ्या जातीचा आहे. पूर्ण रूप ‘जो काम मागेल त्याला काम’ असे होईल. ‘जो’ गाळून ‘त्याला’ ठेवणे, ही मराठीची जुनी लकब आहे. गौण वाक्यातील क्रियापद मागण्याचे आणि त्या क्रियापदाचा कर्ता मजूर. म्हणजे वाक्यातील एकमेव क्रियापद मजुराकडे आले. मुख्य वाक्यात क्रियापदच नाही. ‘काम’ या नामाशी ते संपते. द्यावे की न द्यावे, देता येईल की नाही, याची चर्चा करण्यास जागाच शिल्लक राहिलेली नाही. देणारा येथे लपलेला नसून बांधलेला आहे. शिवाय ‘मागेल’ हे एकवचनी रूप आहे, हेही विसरता कामा नये. गर्दी लोटली तर काम, असा याचा अर्थ होत नाही. एकाने मागितले तरी त्याला काम, हा याचा सरळ अर्थ आहे.

हा साचा मराठी राजकारणाला परिचित होता. कुळकायद्याच्या चळवळीने ‘कसेल त्याची जमीन’ हे वाक्य आधीच घरोघर पोचविले होते. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, त्यातील १९५६ ची दुरुस्ती आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’, या टप्प्यांतून त्या वाक्याला कायद्याचे बळ मिळाले. ‘कसेल त्याची’ आणि ‘मागेल त्याला’ यांची घडण एकच आहे, आणि ज्याला कसण्याकरिता कुळवहिवाटीचीही जमीन नव्हती, त्याच्याकरिता दुसरे वाक्य पहिल्याच्या शेजारी उभे राहिले. (दोन्ही वाक्यांतील ‘त्या’चे लिंग पुल्लिंगी आहे. हमीच्या कामांवर पुढे स्त्रियांची संख्या फार मोठी राहिली व मजुरीचा दर स्त्री-पुरुषांस सारखाच ठेवण्यात आला, हे या योजनेचे मोठे भूषण आहे. घोषवाक्य मात्र ‘मागेल तिला’ असे कधी झाले नाही.)

‘हमी’ या शब्दाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. राजकीय भाषेत ‘आश्वासन’ हा शब्द विपुल आहे आणि त्याचे मूल्य सर्वांना माहीत आहे. ‘हमी’ हा शब्द बाजाराचा, कर्जरोख्याचा, जामिनाचा. हमी घेणारा तेव्हाच खरा हमीदार ठरतो जेव्हा मूळ व्यवहार फसल्यावर त्याच्या खिशाला तोशीस लागते. तेव्हा योजनेला ‘रोजगार हमी’ म्हणावयाचे तर काम न मिळाल्यास काय, याचे उत्तर त्या शब्दातच मागितलेले आहे.

पागे यांच्या प्रयोगावरून १९६९ साली शासनाने एकात्मिक क्षेत्र विकास योजना काढली. लोकांनी तिचे नाव ‘पागे योजना’ असे ठेवले. १९७२ साली रोजगार हमी योजना म्हणून ती राज्याच्या ग्रामीण भागासाठी जाहीर झाली आणि तेवढ्यात दुष्काळ येऊन ठेपला. सलग नापिकीनंतरचा तो दुष्काळ जुन्या लोकांच्या स्मरणात ‘बहात्तरचा’ म्हणून आहे. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे शासनाच्या कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि कामावर मिळणारी सुकडी हे त्या वर्षाचे शब्द. हमीची योजना बाजूस ठेवून जुन्याच टंचाई-कामांच्या पद्धतीने हा भार उचलण्यात आला आणि तो उचलला गेला, याचे श्रेय प्रशासनास दिलेच पाहिजे. पण त्या गदारोळात एक गोष्ट घडली, जी कोणत्याही पत्राने घडली नसती. लक्षावधी माणसांनी काम एकत्र केले, मजुरीसाठी एकत्र भांडण केले, मोर्चे काढले. लाल निशाण, शेतकरी कामगार, समाजवादी, साम्यवादी अशा सर्व डाव्या पक्षांनी त्यांस संघटित केले. १९७४ पासून हमीची योजना पुन्हा चालू झाली ती या दडपणाखाली. पत्रात जी मागणी एका सभापतीची होती, ती आता मजुरांच्या तोंडची झाली होती. अभ्यासकांच्या वर्तुळातही अनुकूल वारे होते, वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरील आपल्या प्रबंधात सार्वजनिक कामांद्वारे किमान रोजगार पुरविण्याचाच मार्ग सुचविला होता.

पैसा कोठून आणावयाचा, याचा निकाल १९७५ च्या सुमारास लागला. व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवर कर बसविणारा अधिनियम १९७५ साली झाला. त्याखेरीज विक्रीकरावर व मोटारगाड्यांवर अधिभार, ओलिताच्या जमिनीवर आकार, शहरातील अनिवासी इमारतींवर कर अशी साधने जोडली गेली आणि या करांतून जमेल तितकीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. शहराने खेड्यासाठी देण्याची ही व्यवस्था मुंबईच्या पगारदारांनी फारशी कुरकुर न करता मान्य केली. यामागे खेड्यातून मुंबईस येणारे लोंढे थांबावेत, हाही हिशेब होता असे म्हणतात आणि त्यात काही वावगे नाही. आपल्या विभागातील सहकाऱ्यांच्या वेतनचिठ्ठीत दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून वजा होतात. ही वजावट कोणत्या वाक्याच्या पूर्तीसाठी सुरू झाली, हे चहाच्या वेळी विचारले असता फार थोड्यांस सांगता आले.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस काम मिळण्याचा हक्क आहे, म्हणजे अकुशल अंगमेहनतीचे काम हमीने मिळण्याचा व त्याची मजुरी आठवड्याने, निदान पंधरवड्याच्या आत, मिळण्याचा हक्क आहे, असे त्याचे तिसरे कलम सांगते. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात मागता न येणाऱ्या भागात ठेवला होता. एका राज्याने तो कायद्याच्या कलमात आणून बसविला. पागे यांचे वाक्य येथे पूर्ण झाले असे म्हणावेसे वाटते. पण कलम तीननंतरही कलमे होती.

त्या कलमांत व त्यांखालील नियमांत ‘मागेल’ या क्रियापदाला हळूहळू उपाधी लागत गेल्या. नवे काम काढावयाचे तर निदान ५० मजूर हवेत, ही पहिली. म्हणजे एकवचनाचे अनेकवचन झाले. एकट्याने मागितले तर चालू असलेल्या कामावर जागा असल्यास मिळावयाची, नसल्यास आणखी एकोणपन्नास जण मिळवावे लागावयाचे. संहितेतील गर्दी, जी वाक्यातून हद्दपार झाली होती, ती अटीच्या रूपाने परत आली. दुसरी उपाधी अंतराची. हमी जिल्ह्यापुरती होती. पंचायत समितीच्या हद्दीत काम देण्याचा प्रयत्न व्हावयाचा, परंतु त्याचा आग्रह धरता येत नसे. तान्हे मूल घरी ठेवून येणाऱ्या बाईला दूरचे काम म्हणजे नकारच. १८८० ची अंतराची कसोटी ती हीच, फक्त आता तिला कसोटी म्हणत नसत. तिसरी उपाधी घोषवाक्याच्या उत्तरार्धातच होती : ‘कामाप्रमाणे दाम’. मोजमापाने मजुरी देण्यात तत्त्वतः गैर नाही. सात तास नेटाने काम करणाऱ्या सर्वसाधारण माणसाला किमान वेतनाइतके पडावे असा दर बांधण्याचा नियम होता. पण मोजणारा, त्याची फीत आणि मस्टर लिहिणारा यांच्या हाती मग पुष्कळ काही जाते. ‘मस्टर निघणे’, ‘मस्टरवर नाव लागणे’ असे वाक्प्रचार गावोगावच्या मराठीत रुळले आहेत. ‘हक्क’ हा शब्द त्या मानाने सभेतच ऐकू येतो.

चौथी उपाधी माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मागणी करावयाची ती लेखी. नाव नोंदविण्यास एक नमुना आणि प्रत्यक्ष काम मागण्यास दुसरा, तो ‘नमुना चार’. मागणीच्या तारखेपासून १५ दिवसांच्या आत काम द्यावयाचे आणि न दिल्यास दिवसाला निदान एक रुपया बेकारभत्ता द्यावयाचा, असा कायदा होता. म्हणजे पंधरा दिवस मोजण्यास सुरुवात होते ती नमुना चारवर तारखेची पोच मिळाल्यापासून. आता मराठीत ‘मागणे’ ही मुखाने करावयाची क्रिया आहे. देवापाशी मागणे, दारात उभे राहून मागणे, मुलीला मागणी घालणे, संघटनेने मागण्या मांडणे, यांत याचनेपासून दाव्यापर्यंतचे सर्व अर्थ एकाच धातूने वाहिले आहेत आणि ऐकणारा प्रसंगावरून ते ओळखतो. कायद्याने यांपैकी एकच, लेखी दाव्याचा, अर्थ ग्राह्य धरला. तलाठ्यापाशी किंवा ग्रामसेवकापाशी जाऊन ‘काम काढा की’ म्हणणारी बाई मराठी भाषेच्या नियमांनुसार मागत होती; अधिनियमानुसार मात्र तिने अद्याप काही मागितलेलेच नव्हते. ज्या कर्मचाऱ्याने पोच द्यावयाची, त्याच्यावरच पंधरा दिवसांनी काम दिले नाही असा ठपका यावयाचा. तो पोच देण्यास नाखूश असे, यात नवल नाही. पूर्व सांगलीतील बोलींच्या सर्वेक्षणाच्या निमित्ताने या टापूत हिंडताना वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात ‘पोच’ हा शब्द मला ज्या तपशिलाने व ज्या कडवटपणाने ऐकावयास मिळाला, तितका तो न्यायालयाच्या आवारातही ऐकलेला नाही. बेकारभत्ता तर व्यवहारात जवळजवळ दिला गेलाच नाही. हमीदाराच्या खिशाला तोशीस लागेल अशी जी एक जागा कायद्यात होती, ती अशा रीतीने रिकामी राहिली.

याचा पडताळा १९८८ मध्ये आला. किमान वेतनाचे दर त्या वर्षी दुप्पट झाले व हमीची मजुरीही त्याबरोबर वाढली. मजुरी वाढल्यावर काम मागणारे वाढावेत हे उघड आहे. पण कामावरील हजेरी घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा अर्थ असा लावला की, खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी काम मोजूनमापून दिले जाऊ लागले होते. म्हणजे मजुराच्या ‘मागेल’च्या मागे देणाऱ्याचा ‘देववेल तितके’ हा अलिखित शब्द येऊन उभा राहिला.

या सर्वांवरून योजना फसली असा निष्कर्ष कोणी काढू नये. दोन दुष्काळांच्या मधल्या वर्षांत पूर्वी ज्यांना गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते, अशा लक्षावधी कुटुंबांना तिने गावाजवळ उभे राहण्यास जागा दिली. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा अधिनियम केला, त्यात कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची मर्यादा होती, पण मागणी, पंधरा दिवस, बेकारभत्ता आणि तारखेची पोच ही सारी चौकट तासगावकडूनच गेली होती. पोचेचा उल्लेख केंद्रीय अधिनियमात आवर्जून झाला, यावरून महाराष्ट्राच्या अनुभवातून कोणीतरी शिकले होते हे दिसते.

आता राहिला उद्योगाचा प्रश्न. हमीची कामे उत्पादक असावीत, म्हणजे त्यांतून जमीन व पाणी सुधारावे आणि शेवटी हमीची गरजच कमी व्हावी, अशी मूळ अपेक्षा होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, नालाबांध यांनी विहिरींना पाणी आले. कोणाच्या विहिरींना? ज्यांना विहिरी होत्या त्यांच्या. रोनाल्ड हेरिंग व रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ सालीच हे दाखवून दिले होते की, योजनेला बागायतदारांचा विरोध न होण्याचे एक कारण तिचा टिकाऊ लाभ त्यांच्याकडे जातो हे होय. १९९० साली तर हमीची सांगड फळबाग लागवडीशी घालण्यात आली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत आंबा, डाळिंब, बोर, चिकू लावावे आणि खड्ड्यापासून संगोपनापर्यंतचा खर्च हमीच्या निधीतून मिळावा. महाराष्ट्रातील फळबागांच्या विस्ताराला यामुळे मोठी चालना मिळाली आणि ती ग्रामीण उद्योगास दिलेली खरी मदत होती, हे नाकारता येत नाही. मजुराला काम मिळालेच, शिवाय अल्पभूधारकही स्वतःच्या बांधावर मजूर आणि मालक दोन्ही झाला. तासगावची आजची ओळख द्राक्षांची व बेदाण्याची आहे. ती हमीतून आलेली नाही, तेथील बागायतदारांच्या कसबातून आली. ‘तास-ए-गणेश’ हे वाण तासगावचेच. पण द्राक्षबागेची छाटणी, विरळणी, डिपिंग ही कामे वर्षातून ठराविक दिवसच असतात, आणि उरलेल्या दिवसांचा प्रश्न १९६५ मध्ये होता तसाच राहतो.

पागे यांच्या वाक्याला मात्र मोठा वंशविस्तार लाभला. ‘मागेल त्याला’ हा साचा शासनाला फार आवडला. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. व्याकरणदृष्ट्या ही वाक्ये मूळ वाक्याचीच भावंडे आहेत : तोच लुप्त ‘जो’, तेच एकवचन, तोच न दिसणारा देणारा. परंतु ‘मागेल’ याचा अर्थ येथे ‘अर्ज करील’ इतकाच उरला आहे. अर्जानंतर पात्रता, पात्रतेनंतर प्राधान्यक्रम, प्राधान्यक्रमानंतर उद्दिष्ट. शेततळ्याच्या योजनेत ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान होते, दारिद्र्यरेषेखालील आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांस प्राधान्य होते, आणि ते योग्यच होते. त्या योजनेखाली शेततळे मागणाऱ्याच्या नावावर निदान ०.६० हेक्टर जमीन असावी लागत असे.